नव्या नाटकाच्या तालमी : नटांनो, या चुका टाळा

जुनं नाटक नव्याने करताना हशा कुठे येतो, टाळी कुठे पडते याचा अंदाज असतो. नव्या नाटकात तो लेखकालाही नसतो. संहिता शुभारंभाच्या प्रयोगापर्यंत बदलते, व्यावसायिक रंगभूमीवर तर त्यानंतरही कात्री चालू राहते. तालमीतले निम्मे घोळ हे विसरल्यानेच होतात.

सुरासकट पाठांतर

पहिल्या वाचनालाच पाठ करून येणाऱ्याचं कौतुक होतं खरं, पण वाक्याबरोबर त्याची चालही पाठ झालेली असते. पुढे दिग्दर्शक प्रसंग फिरवतो, तरी हा तोच सूर लावून बसतो. शब्द सपाट पाठ करा, लोकलमध्ये पुटपुटत करा. भाव समोरच्या नटाकडून येऊ द्या.

“आशय तोच आहे ना?”

ही खोड अनुभवी नटांना जास्त. संहितेत आहे, ‘मला कुणी विचारलंच नाही.’ ‘नाही’ ऐकून सहकलाकार दार ढकलून आत येणार, प्रकाशही त्याच शब्दावर बदलणार. तुम्ही म्हणालात, ‘मला विचारलंच नाही कुणी.’ ती ‘नाही’ला आत आली आणि तुमचं ‘कुणी’ तिच्या वाक्याखाली गेलं. ऐकायला एवढंसं, पण प्रसंगाची लय तिथेच मोडते. वाक्य तोंडात बसत नसेल तर तालमीत थांबून दिग्दर्शकाला सांगा. लेखकाला परस्पर फोन करून बदल आणू नका. दुसऱ्या दिवशी तालमीला दोन संहिता असतात आणि भांडण तिसरंच होतं. शिवाय महाराष्ट्रात संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते. मंजूर एक आणि बोलताय भलतंच, हे निर्मात्याला परवडत नाही.

जुनी पानं

व्हॉट्सअ‍ॅपवर ‘फायनल’, मग ‘फायनल नवी’, मग ‘हीच घ्या’. प्रत्येक पानावर तारीख टाका. शंका आली तर सहायक दिग्दर्शकाची प्रत प्रमाण.

वाक्य कापलं गेलं की तोंड पाडण्याआधी एक तपासा : त्यावर पुढचं काही टांगलेलं होतं का? पहिल्या अंकातलं ‘दादा उद्या येतोय’ गेलं असेल, तर दुसऱ्या अंकात दादाची वाट कोण आणि का बघतंय? हे बहुतेकदा नटालाच आधी खटकतं.

सेट आल्यावर बघू

तालमीच्या हॉलमध्ये दोन प्लास्टिकच्या खुर्च्या म्हणजे दार. खरं दार आत उघडतं की बाहेर, लेव्हल (मंचावरचा चौथरा) किती उंच, हे नेपथ्यकाराला आधीच विचारा. कपात खरा चहा असणार असेल तर तालमीतही खराच घ्या. घोट आणि वाक्य एकत्र जमायला वेळ लागतो.

प्रयोगात जुनं वाक्य तोंडातून गेलं तर?

दुरुस्त करायला मागे जाऊ नका. समोरच्याने नव्या संहितेतलं पुढचं वाक्य घेऊन गाडी रुळावर आणायची, हे आपसात आधीच ठरवून ठेवा. चुकलेल्या जागा मध्यंतरात एकदा वाचून घ्या.