नॅनोच्या मागच्या एक्सलमधून ग्रीस गळतंय? बूट असा बदला

पाऊस सुरू व्हायच्या आत एकदा गाडीखाली वाकून मागच्या एक्सलचे रबरी बूट बघून घ्या, म्हणजे एक्सलच्या दोन्ही टोकांच्या जॉइंटवरची घड्यांची रबरी टोपी, आत ग्रीस धरून ठेवते. जॉइंट म्हणजे आत गोळ्या असलेला सांधा, चाक वरखाली झालं तरी एक्सल फिरत राहतो तो त्याच्यामुळे. आमच्याकडे टाटाची नॅनो आहे, इंजिन मागे आणि गाडी पण मागच्याच चाकांवर चालते, म्हणजे बाकीच्या छोट्या गाड्यांना जे एक्सल पुढे असतात ते हिला मागे. पुढचा जॉइंट गेला की वळताना टक टक आवाज येतो आणि कळतं तरी, मागची चाकं वळतच नाहीत त्यामुळे आवाज यायला लागेपर्यंत जॉइंट संपलेला असतो. आमचा एक असाच गेला. बूट फाटलेला, पावसाळाभर खड्ड्यातलं गढूळ पाणी आत जात राहिलं, आणि थोडक्यात होणारं काम अख्ख्या एक्सलवर गेलं.

आधी गळतंय काय ते बघा. रिमच्या आतल्या बाजूला जाड, काळं, चिकट ग्रीस उडालेलं असेल तर बूट फाटलाय. एक्सल गिअरबॉक्समध्ये शिरतो तिथून पातळ तेल ओघळत असेल तर ती ऑइल सील आहे, बूट बदलून काही होणार नाही.

बूट किट कुर्ल्याला किंवा ऑपेरा हाऊसला स्पेअरच्या दुकानात मिळेल, जुना बूट किंवा निदान फोटो घेऊन जा, आतला (गिअरबॉक्सकडचा) आणि बाहेरचा (चाकाकडचा) वेगळा असतो. किटमध्ये बूट, दोन क्लॅम्प आणि ग्रीसची पुडी आहे ना बघा, नवीन सर्कलिप (जॉइंट एक्सलवर अडकवून ठेवणारी खाचेतली रिंग) आणि हब नट (चाकाच्या मधोमध एक्सलच्या टोकावरचा मोठा नट) पण घ्या. कापून चिकटवायचा बूट मिळतो तो घेऊ नका, कुठल्या मेकॅनिकने ट्यूब गुंडाळून तार बांधून देतो म्हटलं तर सरळ नको म्हणा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो आणि गिअर पण मागच्याच चाकांना, म्हणजे मागची बाजू उचलली की गाडीला धरून ठेवणारं काहीच नाही. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्हीकडून दगड लावा, जागा सपाट हवी, सोसायटीच्या उतारावर हे करू नका, आणि नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका, स्टँड लावाच.

हब नट चाक जमिनीवर असतानाच ढिला करायचा, खूप घट्ट असतो, लांब पाईप लावावा लागेल. मग गाडी उचला, चाक काढा, एक्सल हबमधून (चाक ज्यावर बसतं तो भाग) मोकळा करायला सस्पेन्शनच्या आर्मचे बोल्ट सोडवावे लागले तर आर्मखाली जॅकचा आधार द्या कारण स्प्रिंग दाबलेली असते, ब्रेकचा पाईप आणि हँडब्रेकची केबल पण ताणू देऊ नका. एक्सल हलत नसेल तर जुना नट टोकावर दोन आटे लावून लाकूड मधे धरून ठोका, नाहीतर आटे बसतात. एक्सलला धरून बाहेर खेचायचं नाही, आतला जॉइंट सुटतो. गिअरबॉक्समधून काढावाच लागला तर खाली ट्रे ठेवा, तेल येणार, नंतर लेव्हल भरून घ्या.

जुना बूट कापून टाका, जॉइंट सर्कलिपवर अडकलेला असतो, त्याच्या आतल्या भागावर पितळी ड्रिफ्टने (ठोकायची जाड सळई) ठोकला की निघतो. आता घाई करू नका, रॉकेल नाहीतर ब्रेक क्लीनरने सगळं जुनं ग्रीस धुवा, पूर्ण वाळू द्या, एकेक गोळी फिरवून बघा. खड्डे, गंज, निळसर डाग दिसले किंवा जॉइंट हातात खडखडला तर नवीन बूट लावण्यात अर्थ नाही, जॉइंटच बदला. वाळूचा एक कण राहिला तरी तो आत सहाणेसारखा घासत राहतो.

बसवताना आधी छोटा क्लॅम्प, मग बूट, मग नवीन सर्कलिप, मग जॉइंट (हे हमखास विसरतं आणि परत सगळं काढावं लागतं). ग्रीस किटमधलंच, ते काळं मॉलिब्डेनमवालं असतं, बेअरिंगचं पिवळं ग्रीस इथे चालत नाही. निम्मं जॉइंटमध्ये बोटाने दाबून भरा, उरलेलं बूटमध्ये. मोठा क्लॅम्प आवळायच्या आधी बोथट स्क्रू ड्रायव्हरने बूटची कड जराशी उचलून आतली हवा जाऊ द्या, नाहीतर बूट फुगलेला किंवा पिळलेला बसतो आणि परत लवकर फाटतो. क्लॅम्पच्या जागी प्लास्टिकची टाय नको.

हब नट शेवटी चाक जमिनीवर टेकवून, मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना) आवळा आणि त्याची कड खाचेत ठोकून लॉक करा. टॉर्क रेंच नसेल तर ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून तेवढं करून घ्या, हा अंदाजाने करायचा नट नाही.

ग्रीसची फडकी आणि ते रॉकेल गटारात टाकू नका, डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या. शंभरेक किलोमीटर झाल्यावर परत खाली वाकून बघा, क्लॅम्पच्या कडेला ग्रीसची बारीक रेघ दिसली तर तो ढिला राहिलाय, तेवढाच बदला, आणि दुसऱ्या बाजूचा बूट पण तेव्हाच दाबून, घडी उघडून बघा, भेगा आधी घडीच्या खाचेत पडतात.