मुकादमाकडे काय सोपवावं, काय नाही

रत्नागिरीच्या किनाऱ्यावर घरं बांधताना मुकादमाला ‘सगळं तूच बघ’ असं मी सांगत नाही. ते सोपवणं नव्हे, अंग काढून घेणं. कामाचा एक तुकडा द्या, पण त्यातला निर्णयही त्यालाच घेऊ द्या.

सुरुवात चिऱ्यांपासून, म्हणजे भिंतीच्या जांभ्या दगडांपासून करा. चिरे उतरवून घेणं, मऊ निघालेले परत पाठवणं, ट्रकवाल्याशी होणारी हुज्जत, सगळं त्याच्याकडे. त्याने नाकारलेला चिरा तुम्ही भिडेखातर ठेवून घेतलात, की पुढच्या वेळी तो तोंड उघडणार नाही.

स्लॅबचं गणित वेगळं. खारी हवा सळईला खाते. अशा उघड्या किनाऱ्यासाठी आयएस ४५६ हे काँक्रीटचं भारतीय मानक किमान एम ३० ताकदीचं काँक्रीट आणि ४५ मिमी कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, सांगतं. तेवढं अंतर राखणारे कव्हर ब्लॉक सळई बांधणाऱ्या फिटरने बांधावेत, पण काँक्रीट ओतण्याआधी टेप घेऊन मी स्वतः वर चढतो. हे त्याला आधीच सांगून ठेवा. न सांगता तपासलं की माणूस दुखावतो. मिक्सरमध्ये वरून पाणी ओतायला मनाई करायचा अधिकार मात्र मुकादमाचा, आणि मालकासमोरही मी त्याच्याच बाजूने उभा राहतो.

स्लॅबखालचे टेकू काढायचा हुकूम माझाच. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराला, ७ दिवस, त्यापुढे १४. तारीख खांबावर खडूने लिहितो.

गणपतीला निम्मी माणसं गावी जातात. मुकादमाच्या हाताखालचा एक गडी श्रावणातच तयार करायला घ्या, आणि तो कोण हे मुकादमालाच ठरवू द्या.