जास्त रेस पळून टायमिंग कमी कसं करायचं

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात मी ऑक्टोबर ते फेब्रुवारी सहा हाफ मॅरेथॉन (२१.१ किलोमीटर) पळलो, सगळ्या जीव तोडून. पहिलीचं टायमिंग २ तास ४ मिनिटं होतं, सहावीचं २ तास ८. सकाळी इंदूरच्या रेसिडेन्सीच्या रस्त्यावर भेटणारे सगळे म्हणायचे की भिया रेस पळत रहा, वेग आपोआप येईल, आणि मी ते खरं मानलं. खरं सांगायचं तर ते अर्धं खरं आहेच, पुढच्या वर्षी मी त्याहून जास्त रेस पळलो आणि त्याच रस्त्यांवर हाफ १ तास ५८ मध्ये आली, पण त्या सात रेसपैकी पूर्ण ताकदीने फक्त तीन पळलो होतो. सगळी गंमत त्यातच आहे, म्हणून कसं करायचं ते क्रमाने सांगतो.

आधी पाया बघा

आठवड्यातून चार दिवस, एकूण ३०-३५ किलोमीटर, असं निदान तीन महिने न चुकता झालं नसेल तर रेसचं कॅलेंडर बाजूला ठेवा. यातलं बहुतेक पळणं इतकं आरामाचं हवं की शेजारी पळणाऱ्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत. पावसाळा याच कामाचा, जुलै-ऑगस्टमध्ये पिपल्यापाल्याच्या रीजनल पार्ककडे किंवा सुपर कॉरिडॉरवर पहाटे निवांत किलोमीटर जमा करा, तेव्हा टायमिंग बघूच नका.

इथे कोणीतरी हमखास जपानच्या युकी कावाउचीचं नाव काढतं. तो सैतामा प्रांतात सरकारी शाळेत पूर्ण वेळ नोकरी करायचा, तरी वर्षभर मॅरेथॉन पळत असायचा, आणि २०१८ साली बोस्टनच्या थंडी-पाऊस-वाऱ्यात २:१५:५८ मध्ये पहिला आला. बरोबर आहे, पण त्याच्या मागे कित्येक वर्षांचं रोजचं पळणं होतं आणि बऱ्याच रेस तो सरावाच्या म्हणून पळायचा, नोकरीमुळे वेळ कमी म्हणून रेस हाच त्याचा कडक सराव. आपण त्याच्याकडून हेच घ्यायचं, रेस सरावाच्या जागी टाकायची, सरावाच्या डोक्यावर नाही.

मोठी रेस आधी ठरवा, मग मागे मागे या

समजा फेब्रुवारीतली इंदूर मॅरेथॉनची हाफ हे तुमचं ध्येय. मग तिथून उलटं मोजायचं. तीन-चार आठवडे आधी एक १० के (१० किलोमीटरची रेस) पूर्ण ताकदीने, डिसेंबरात एक १० के सरावाची, नोव्हेंबरात दोन ५ के, ऑक्टोबरात एक ५ के. मध्ये फार तर एक हाफ, तीही लाँग रन, म्हणजे लांब निवांत धाव, म्हणून. माझी चूक हीच होती की मला हाफ आवडते म्हणून मी हाफच पळत राहिलो, आणि हाफ शरीरातून जे काढून घेते ते भरून यायच्या आत पुढची यायची. ५ के तसं नाही, दमवते खूप पण तीन दिवसांत माणूस ताजा होतो, आणि वेग तर खरा तिथेच तयार होतो, छाती आणि पाय दोन्हींना न सोसणारा पेस (किलोमीटरला लागणारा वेळ) वीस-पंचवीस मिनिटं धरून ठेवायला शिकवते.

५ के ची रेस सापडत नाही? हरकत नाही. ४०० मीटरच्या ट्रॅकवर आतल्या लेनमधून साडेबारा चकरा मारा, दोन-तीन मित्रांना बरोबर घ्या, एकाला घड्याळ धरून उभं करा आणि बिब (छातीवरचा नंबर) नसलं तरी रेससारखंच वागा. एकट्याने कोणी तेवढं जीव तोडून पळत नाही, मी तरी कधी पळू शकलो नाही.

प्रत्येक रेसचं काम सुरू व्हायच्या आधी ठरवा

ही पायरी लोक टाळतात आणि मग पस्तावतात. आदल्या दिवशी वहीत एक ओळ लिहायची, उद्याची रेस कशासाठी. पूर्ण ताकदीची असेल तर टायमिंग लिहा. सरावाची असेल तर पेस लिहा आणि तो मोडायचा नाही, उदाहरणार्थ १० के मधले पहिले ५ आरामात आणि नंतरचे ५ हाफच्या पेसने. तिसरा प्रकार म्हणजे फक्त शिकायला, नवे शूज, एनर्जी जेल कधी घ्यायचं, पाण्याच्या टेबलापाशी थांबायचं की चालत प्यायचं. सरावाच्या रेसमध्ये ओळखीचा माणूस पुढे गेला की अंगात येतं, मला माहीत आहे, पण तिथे आवरता आलं तर फेब्रुवारीत आठव्या किलोमीटरलाही आवरता येतं, आणि पेस सांभाळायची ही सवय घरी बसून येत नाही.

रेसनंतर किती दिवस हळू

न्यूझीलंडचा जॅक फॉस्टर, ज्याने ४१ व्या वर्षी १९७४ च्या कॉमनवेल्थ गेम्समध्ये २:११:१९ मध्ये मॅरेथॉनचं रौप्य मिळवलं, त्याच्या नावाने एक हिशोब सांगतात: रेसच्या प्रत्येक मैलाला एक दिवस हळू. म्हणजे १० के नंतर सहा दिवस, हाफनंतर तेरा. अमेरिकन कोच जॅक डॅनियल्सचा हिशोब थोडा सैल, साधारण दर तीन किलोमीटरला एक दिवस, म्हणजे १० के ला तीन आणि हाफला सात. चाळिशीच्या पुढे असाल, ऑफिस-घर सांभाळून पळत असाल, तर फॉस्टरचं ऐका. ज्या आठवड्यात रेस त्या आठवड्यात दुसरं वेगाचं काम नको, इंटरव्हल (थांबून थांबून वेगात पळणं) नाही, चढ नाही, फार तर बुधवारी १०० मीटरच्या चार-पाच मोकळ्या धावा.

रेसचा दिवस

शनिवारी रात्री सराफा, म्हणजे आपला रात्रीचा खाऊबाजार, नको. आपल्याकडे पाहुणा आला की सराफा, वाढदिवस असला की सराफा, पण रात्री बाराला गराडू (तळलेला कंद) आणि जलेबी खाऊन पहाटे चारला उठून कोणी नीट पळत नाही. घरचा वरण-भात, लवकर झोप. सकाळी दोन-अडीच तास आधी केळं किंवा टोस्ट, चहाची सवय असेल तर चहा. पोहे-जलेबी रेस झाल्यावर, तेव्हा त्याची चवही वेगळी लागते. आणि पेनकिलर घेऊन स्टार्ट लाइनवर जाऊ नका, घामाने पाणी कमी झालेल्या शरीरात त्या गोळ्या किडनीवर ताण आणतात.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे चांगलीच थंडी असते, म्हणून ५ के किंवा १० के च्या आधी दहा-पंधरा मिनिटं हळू पळून, मग वीस-वीस सेकंदांच्या चार धावा मारून उभं राहायचं. जेवढी रेस छोटी तेवढा वॉर्मअप मोठा. पहिला किलोमीटर ठरलेल्या पेसपेक्षा पाच-दहा सेकंद हळू. हे सगळ्यांना पाठ असतं आणि भोंगा वाजला की कोणी पाळत नाही, पण दोन-तीन रेस पाळून बघा, शेवटच्या दोन किलोमीटरात तुम्ही लोकांना मागे टाकत असता, त्याच्यासारखा आनंद नाही.

संध्याकाळी वही उघडा

टायमिंग, प्रत्येक किलोमीटरचा पेस, झोप, हवा, कुठे पाय जड झाले. मग अमेरिकन इंजिनियर पीट रिगेलचा फॉर्म्युला लावा: नवा वेळ म्हणजे जुना वेळ गुणिले अंतरांच्या गुणोत्तराचा १.०६ वा घात. घाबरू नका, १० के वरून हाफ काढायची असेल तर मिनिटांना २.२ ने गुणलं तरी चालतं. माझी १० के ५३ मिनिटांत झाली होती, उत्तर १ तास ५७ च्या आसपास आलं, आणि प्रत्यक्षात हाफ १:५८:२० आली. छोट्या रेसवरून हाफ जिथे यायला हवी तिथे येत नसेल तर कमी आहे लाँग रनची, मग आणखी रेस शोधत बसू नका, रविवारी खंडवा रोडला १८ किलोमीटर निवांत पळा. उलट हाफ बरोबर येतेय पण ५ के हलतच नाही असं असेल तर छोट्या रेस वाढवा.

कधी रेस सोडायची

सकाळी अंथरुणातच मोजलेली नाडी दोन-तीन दिवस नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त येतेय, झोप तुटतेय, जिना उतरताना टाचेच्या वरची शीर ओढतेय, यातलं काहीही असेल तर बिब घरी राहू द्या. पैसे भरलेत, टी-शर्ट आलाय, ग्रुपचा फोटो आहे, हे सगळं मला समजतं. मी त्या वर्षीची चौथी हाफ अशाच टाचेवर पळलो आणि त्यानंतर पाच आठवडे धड चालताही येत नव्हतं. सोडायची नसेल तर निदान ओळखीच्याला सोबत म्हणून गप्पा मारत पळा, घड्याळ काढून ठेवा.

फेब्रुवारीची हाफ झाली की सात ते तेरा दिवस फक्त हळू पळणं आणि चालणं, मग मार्चच्या मध्यात, ऊन चढायच्या आत, ट्रॅकवर आणखी एक ५ के. ऑक्टोबरच्या ५ के शेजारी ते टायमिंग लिहा. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातो, तेव्हा पहाटे पाचला जेवढं होईल तेवढं पळायचं, टायमिंगची वही पुन्हा ऑक्टोबरात उघडायची.