सिनेमातलं इटालियन घर प्रत्यक्ष बघायला जाताना

सिनेमात पाहिलेले व्हिला बघायला इटलीत जाणार असाल, तर निघण्याआधी तो सिनेमा पुन्हा बघा आणि आवाज पूर्ण बंद ठेवा. गोष्ट मागे सरली की घर दिसायला लागतं. दार कुठे उघडतं, ऊन कोणत्या बाजूनं येतं, जिन्यापाशी कॅमेरा किती रेंगाळतो, हे टिपून ठेवा आणि जमेल तसा घराचा नकाशा काढा. तो बहुतेक जुळत नाही. कुठे जुळत नाही, तेच तर तिथे जाऊन बघायचं असतं.

सुरुवात मिलानच्या व्हिला नेक्की काम्पिल्योपासून करावी असं माझं ठाम मत आहे. वास्तुविशारद पिएरो पोर्तालुप्पीनं १९३२ ते १९३५ या काळात उभारलेलं हे घर २००९ च्या 'इओ सोनो लामोरे' ('आय ॲम लव्ह') या सिनेमामध्ये कापड गिरणीवाल्या कुटुंबाचं घर होतं. आज ते वारसावास्तू जपणाऱ्या 'फाई' या संस्थेकडे आहे, त्यामुळे आत जाता येतं. गेल्यावर काचेच्या व्हरांड्यात शांतपणे उभे राहा. खिडक्यांना काचेचे दोन थर आहेत आणि मधल्या पोकळीत झाडं लावली आहेत. बाहेर बाग, मग काच, मग झाडं, पुन्हा काच आणि मग माणसं! हे घर श्रीमंत आहे आणि इथे सहज बाहेर पडता येत नाही, हे कुणी न बोलता कळतं. मग दिवाणखान्यात या. पोर्तालुप्पीच्या रेषा सरळ, काटेकोर. दुसऱ्या महायुद्धानंतर तोमासो बुत्सी या दुसऱ्या वास्तुविशारदानं त्यावर जुन्या सरंजामी थाटाची सजावट चढवली. कोणती वस्तू कोणाची, ते ओळखायचा प्रयत्न करा. सिनेमातल्या कुटुंबाचा ताण मला या दोन हातांच्या ओढाताणीत दिसतो.

कोमो सरोवराकाठचा व्हिला देल बाल्बियानेल्लो मात्र बाहेरूनच जास्त बोलतो. २००२ च्या 'स्टार वॉर्स'मालिकेतल्या 'अटॅक ऑफ द क्लोन्स'मध्ये इथे परग्रहावरचं लग्न लागतं आणि २००६ च्या 'कसिनो रोयाल'मध्ये जखमी बाँड याच बागेत बरा होतो. दोन्ही प्रसंग लागोपाठ बघा. मग लेन्नोहून होडीनं जा, म्हणजे घर पाण्याच्या बाजूनं समोर येईल आणि युक्ती लक्षात येईल: व्हिला झाडीनं भरलेल्या भूशिराच्या टोकावर आहे, त्यामुळे शेजारची इमारत चौकटीत येऊ न देणं सोपं जातं. वरचा कमानींचा मंडप दोन्ही बाजूंना उघडा आहे. मध्ये उभं राहून फक्त मान वळवली की सरोवराचं दुसरंच रूप दिसतं. आठवड्यातले काही दिवस व्हिला बंद असतो, तेव्हा वेळापत्रक आधी बघून घ्या.

विचेन्झाजवळच्या, सोळाव्या शतकातला वास्तुविशारद पाल्लादिओ याच्या ला रोतोंदा या व्हिलाला चारही बाजूंना सारखेच द्वारमंडप आहेत. दिग्दर्शक जोझेफ लोझीनं १९७९ चा 'डॉन जोव्हान्नी' चित्रित करताना त्याचा वापर केला. तिथे आधी चारही बाजूंनी फेरी मारा, मगच आत जा.

कापरी बेटावरची कासा मालापार्ते ही वास्तू खासगी आहे, आत जायची आशा धरू नका. फ्रेंच दिग्दर्शक गोदारच्या १९६३ च्या 'ल मेप्री' या सिनेमामध्ये दिसलेला, वर जाताना रुंदावत थेट गच्चीला भिडणारा तो जिना पित्सोलुंगोच्या पायवाटेवरून दिसतो. दुर्बीण बरोबर असू द्या. क्रेमाजवळ मोस्कात्सानोचा व्हिला आल्बेर्गोनी, म्हणजे 'कॉल मी बाय युवर नेम'मधलं घर, हीसुद्धा खासगी मालमत्ता. फाटकाच्या गजांतून कॅमेरा आत घालू नका. त्यापेक्षा क्रेमात सायकल भाड्यानं घ्या आणि आसपासच्या शेतांमधल्या सपाट रस्त्यांवरून फिरा. सिनेमातला उन्हाळा तिथे कुणालाही बघता येतो.