घटनादुरुस्तीची बातमी आली की वही-पेन काढा

स्पर्धा परीक्षेच्या मुलांना मी राज्यशास्त्र शिकवतो. राज्यघटना कशी बदलायची ते सांगणारं कलम 368 फळ्यावर उतरवून देणं सोपं आहे, पण त्यानं उद्याच्या पेपरातली बातमी कळत नाही. त्यापेक्षा खरं विधेयकच डाउनलोड करा आणि मी सांगतो त्या क्रमानं बघा.

आधी क्रमांक. विधेयकाचा वेगळा, कायद्याचा वेगळा. जीएसटीचं विधेयक 122 वं, कायदा झाला 101 वा. महिला आरक्षणाचं विधेयक 128 वं, कायदा 106 वा. बारगळलेली विधेयकंही नंबर अडवून बसतात, म्हणून हा फरक. यावर हमखास मार्क जातात.

मग कुठल्या कलमाला हात घातलाय ते शोधा. बातमीतला विषय सोडा, कलमच बघा. नवं राज्य करणं किंवा सीमा बदलणं हे 368 मध्ये मोडतच नाही. कलम 4 तसं स्पष्ट सांगतं. 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला तो संसदेच्या साध्या कायद्यानं. राष्ट्रपतींची निवडणूक, सर्वोच्च आणि उच्च न्यायालयं, केंद्र आणि राज्यांत विषय वाटून देणाऱ्या सातव्या अनुसूचीतल्या याद्या, संसदेतलं राज्यांचं प्रतिनिधित्व किंवा खुद्द 368 यांना धक्का लागत असेल, तर संसदेच्या विशेष बहुमतावर भागत नाही, किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांचीही संमती लागते. जीएसटीला लागली, आपल्या विधिमंडळानं ऑगस्ट 2016 मध्ये त्यासाठी खास अधिवेशन घेतलं. याउलट मराठा आरक्षणाच्या निकालानंतर 2021 मध्ये आलेली 105 वी दुरुस्ती. मागासवर्गाची यादी करण्याचा राज्यांचा अधिकार तिनं परत दिला, म्हणजे विषय पक्का राज्यांचा. तरी ती राज्यांकडे गेली नाही, कारण बदललेली 338ब, 342अ आणि 366 ही कलमं राज्यांची संमती लागणाऱ्या वरच्या गोष्टींत येत नाहीत. वर्गात इथे दर वेळी वाद होतो. होऊ देतो.

आता गणित. विशेष बहुमताच्या अटी दोन, आणि दोन्ही प्रत्येक सभागृहात वेगवेगळ्या पुऱ्या व्हाव्या लागतात. एक, एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून जास्त मतं. लोकसभेच्या 543 जागा धरल्या तर 272. रिकाम्या जागा वजा करायच्या नाहीत. दोन, हजर राहून मत देणाऱ्यांपैकी किमान दोन-तृतीयांश. तटस्थ राहिलेला दुसऱ्या हिशोबात धरत नाहीत.

हे अंगवळणी पडायला 1970 चं राज्यसभेचं मतदान सोडवा. संस्थानिकांचे तनखे (जुन्या राजांना सरकारकडून मिळणारी रक्कम) बंद करणारं विधेयक लोकसभेनं मंजूर केलं होतं. 5 सप्टेंबरला राज्यसभेत बाजूनं 149, विरोधात 75. बेरीज 224. तिचे दोन-तृतीयांश 149.33. म्हणजे 150 हवी होती, पडली 149. पहिली अट आरामात पार झाली होती, दुसरीनं मारलं. एका मताच्या तिसऱ्या हिश्शानं विधेयक पडलं! दोन्ही सभागृहांचं मत जुळलं नाही तर संयुक्त बैठक घ्यायची सोय घटनादुरुस्तीला नाही, त्यामुळे तो दरवाजाही बंद. सरकारनं मग राष्ट्रपतींच्या आदेशानं राजांची मान्यताच काढली. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबरात तो आदेश रद्द केला. शेवटी 1971 ची निवडणूक जिंकून आल्यावर 26 व्या दुरुस्तीनं तनखे गेले.

राष्ट्रपतींच्या सहीवर फार वेळ घालवू नका. 24 व्या दुरुस्तीपासून (1971) संमती देणं त्यांना बंधनकारक आहे.

पण सही झाली म्हणजे लागू झालं असं धरून चालू नका. कायद्याच्या पहिल्याच कलमात बघा: 'केंद्र सरकार अधिसूचनेद्वारे ठरवील त्या तारखेपासून' असं असेल, तर ती अधिसूचना राजपत्रात शोधा. 1978 च्या 44 व्या दुरुस्तीत प्रतिबंधक स्थानबद्धतेची (गुन्हा होऊ नये म्हणून आधीच डांबून ठेवण्याची) सल्लागार मंडळाच्या मताशिवायची मुदत कमी करणारी तरतूद आहे, कायद्याचं कलम 3. ती लागू करणारी अधिसूचना सरकारं येऊन गेली तरी निघालेली नाही, म्हणून कलम 22 वाचताना तीन महिन्यांची जुनी मुदतच धरायची.