जुन्या लॅपटॉपवरची गाणी नव्यावर कशी न्यायची, प्लेलिस्ट आणि स्टार्ससकट

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि बाबांचा लॅपटॉप काही विंडोज ११ घेईना, मग शेवटी नवा आणला. बाबांना त्यातलं फक्त एकच महत्त्वाचं, गाणी. ४,८१२ फाइल्स, ९४ जीबी, बहुतेक सगळं शास्त्रीय आणि नाट्यसंगीत. निम्म्या सीडी मुंबईच्या काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून घेतलेल्या आणि ते दुकान २०१६ मध्येच बंद झालं, म्हणजे गेलं तर परत आणू अशी सोयच नाही. मी म्हटलं त्यात काय, हार्ड डिस्क लावायची, कॉपी-पेस्ट, तासाभरात उरकतो. तीन दिवस गेले. माझे गेले तेवढे तुमचे जाऊ नयेत म्हणून लिहितोय.

पहिली गोष्ट समजून घ्या, म्हणजे बाकी सगळं आपोआप कळेल. गाणं म्हणजे फाइल, ती कॉपी होते, त्यात काही विशेष नाही. पण तुम्ही दहा वर्षांत दिलेले स्टार्स, कुठलं गाणं किती वेळा वाजलं, कधी आणलं, 'पहाटेचे राग' नावाची प्लेलिस्ट आणि तिच्यातला क्रम, हे सहसा गाण्याच्या फाइलमध्ये नसतंच. ते प्लेअरच्या स्वतःच्या वहीत असतं, आणि त्या वहीत प्रत्येक गाण्यापुढे त्याचा पत्ता लिहिलेला असतो, अमुक ड्राइव्ह, तमुक फोल्डर. नुसती गाणी नेली तर वही मागे राहते. वही नेली पण गाणी दुसऱ्या पत्त्यावर ठेवली तर वहीला गाणी सापडत नाहीत. सगळे घोळ या दोन वाक्यांतले आहेत.

बाबांकडे अजून आयपॉड आहे त्यामुळे त्यांचं सगळं आयट्यून्सवर, म्हणून मी तेच धरून सांगतो, बाकीच्यांचं पुढे थोडक्यात.

कॉपी करायच्या आधी बघा गाणी नक्की आहेत कुठे. तुम्हाला वाटतं म्युझिक फोल्डरमध्ये, पण काही डेस्कटॉपवर, काही डाउनलोड्समध्ये, काही भाच्याने पेनड्राइव्हमधून डी ड्राइव्हवर टाकलेली असतात. आयट्यून्समध्ये फाइल मेनूत जा, लायब्ररी, मग ऑर्गनाइझ लायब्ररी, तिथे कन्सॉलिडेट फाइल्सवर टिक करून ओके. इकडेतिकडे विखुरलेली सगळी गाणी ते आपल्या मीडिया फोल्डरमध्ये गोळा करतं. पण लक्षात ठेवा, हलवत नाही, कॉपी करतं, मूळ फाइल जागेवरच राहते, त्यामुळे जुन्या डिस्कवर तेवढी रिकामी जागा लागते. जागा नव्हती म्हणून मी ही पायरी गाळली आणि तीच माझी पहिली चूक. नव्या लॅपटॉपवर उघडून बघतो तर सहाशेच्या वर गाण्यांपुढे उद्गारचिन्ह, म्हणजे फाइल सापडत नाही. बाबा म्हणाले, "एवढं आश्चर्य कसलं वाटतंय त्याला?" ती सगळी डी ड्राइव्हवरची होती आणि नव्या लॅपटॉपला डी ड्राइव्हच नव्हता. जागा नसेल तर जुने व्हिडिओ वगैरे आधी बाहेर काढा, पण ही पायरी सोडू नका.

आणि एक मोह टाळा. हलवतोच आहोत तर नावं पण नीट करू, डुप्लिकेट काढू, असं वाटतं. अजिबात नको. आधी जसं आहे तसं, कचऱ्यासकट न्यायचं, चालतंय बघायचं, मग साफसफाई. दोन्ही एकदम केलं आणि काही हरवलं तर ते कॉपीत हरवलं की तुम्ही उडवलं हे कोणाच्या बापाला कळणार नाही.

आता कॉपी. आयट्यून्स पूर्ण बंद करा, म्युझिक फोल्डरमध्ये आयट्यून्स नावाचा जो फोल्डर आहे तो अख्खा उचला, आतलं निवडत बसू नका. वही म्हणजे आयटीएल एक्स्टेंशनची आयट्यून्स लायब्ररी नावाची फाइल, ती त्याच फोल्डरात असते. कट-पेस्ट करू नका, कॉपीच करा. मी कॉलेजात असताना कट करून पेस्ट करत होतो आणि मध्येच लाइट गेली, अर्धी गाणी इकडे अर्धी तिकडे, आणि एक फाइल दोन्हीकडे नाही, तेव्हापासून कानाला खडा. झिप पण करू नका, एमपीथ्री आधीच दाबलेली असते, झिप करून काही वाचत नाही, आणि विंडोज ७ च्या काळातलं झिप देवनागरी नावं दिसली की हात वर करतं. मधली डिस्क एक्सफॅट किंवा एनटीएफएस असू द्या, हे डिस्क फॉरमॅट करायचे प्रकार. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही, एकेका गाण्याला त्याने फरक पडत नाही पण कोणी अख्ख्या मैफलीचा मोठा व्हिडिओ ठेवला असेल तर पडतो. मॅकवर जाणार असाल तर एक्सफॅटच घ्या, कारण मॅक एनटीएफएस वाचतो पण त्यावर लिहीत नाही.

मी टेराकॉपी नावाचं कॉपी करायचं सॉफ्टवेअर वापरलं, फुकट आहे, आणि त्यात व्हेरिफाय म्हणून सोय आहे, कॉपी झाल्यावर दोन्हीकडची फाइल तंतोतंत तीच आहे का तपासतं. वेळ जास्त लागतो पण रात्री लावून झोपायचं. जुन्या लॅपटॉपला यूएसबी २ असेल तर सेकंदाला साधारण तीसेक एमबी धरा, म्हणजे ९४ जीबीला तास तरी हवाच, तपासणी वेगळी.

लॅपटॉप चालूच होत नसेल तर घाबरू नका, बहुतेक वेळा डिस्क ठीक असते. साटा टू यूएसबी नावाची केबल मिळते, डिस्क बाहेर काढून तिला लावायची, की ती पेनड्राइव्हसारखी दिसते. डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं कुलूप, असेल तर रिकव्हरी की लागेल, ती आधीच शोधून ठेवा.

आता पत्ता. इथे एक गंमत झाली. जुन्या लॅपटॉपवर बाबांच्या युजर फोल्डरचं नाव विनायक. नव्यावर सेटअप करताना मायक्रोसॉफ्ट अकाउंट टाकलं, तर विंडोज त्या ईमेलची पहिली पाच रोमन अक्षरं घेऊन फोल्डर बनवतं. झाला फोल्डर विनय. बाबा स्क्रीनकडे बघत, "हा विनय कोण?" हसण्यावारी नेलं, पण खरी भानगड तीच, वहीतल्या पत्त्यात विनायक आणि घरावर पाटी विनयची. आयट्यून्सचं कन्सॉलिडेट झालेलं असेल आणि मीडिया फोल्डर आयट्यून्स फोल्डरच्या आतच असेल तर ते बहुतेक वेळा स्वतःच निस्तरतं. बाकी प्लेअर निस्तरतीलच असं नाही. म्हणून माझं म्हणणं, गाणी युजर फोल्डरमध्ये ठेवूच नका. ड्राइव्हच्या मुळाशी एक छोट्या नावाचा फोल्डर करा आणि यापुढे प्रत्येक मशीनवर तोच पत्ता ठेवा. जुनी गाणी डी ड्राइव्हवर असतील तर नव्यावर डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन सी थोडा लहान करून डी बनवा आणि त्यावर तंतोतंत त्याच नावाचे फोल्डर. पत्ता जुळला की वहीला कळतसुद्धा नाही घर बदललं ते.

अजून एक, वनड्राइव्ह. नवं विंडोज तुमचे फोल्डर परस्पर क्लाउडवर चढवायला बघतं, फुकटची जागा ५ जीबी, तुमची गाणी ९४. मग रोज जागा भरली म्हणून कटकट. शिवाय जुन्या मशीनवर कुठल्या फाइलपुढे ढगाचं चित्र असेल तर ती फाइल डिस्कवर नाहीच, नुसती पाटी आहे, आधी ती उतरवून घ्या आणि मग कॉपी करा.

नव्या लॅपटॉपवर आयट्यून्स टाका, व्हर्जन जुन्याइतकं किंवा त्याहून नवं हवं, जुन्या आयट्यून्सला नव्याने लिहिलेली वही वाचता येत नाही. ॲपल म्युझिकचं वेगळं ॲप पण आहे विंडोजला, ते सध्या टाकू नका, कारण ते टाकलं की आयट्यून्स फक्त पॉडकास्ट आणि ऑडिओबुकपुरतं उरतं. आयट्यून्स उघडताना शिफ्ट दाबून धरा, मग ते विचारतं कुठली लायब्ररी, तिथे चूज लायब्ररी करून आपण आणलेली फाइल दाखवा. मॅकवर शिफ्टच्या जागी ऑप्शन, आणि २०१९ च्या मॅकओएस कॅटालिनापासून तिथे आयट्यून्स नाही, म्युझिक नावाचं ॲप आहे. शिफ्ट न दाबता उघडलंत तर रिकामी लायब्ररी दिसेल. घाबरून गाणी ओढून त्यात टाकू नका, बंद करा, शिफ्ट दाबून परत उघडा.

आयपॉडवाल्यांनी इथे जपून. आयपॉड लावल्यावर हा दुसऱ्या लायब्ररीशी जोडलेला आहे, इरेज अँड सिंक करू का, असं विचारलं तर लगेच कॅन्सल. जुनी वही नीट आली असेल तर हा प्रश्न येतच नाही. आला म्हणजे तुम्ही भलतीच लायब्ररी उघडलीये, आणि हो म्हटलंत तर आयपॉड साफ.

मग मोजणी. दोन्हीकडच्या फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, फाइल्सचा आकडा आणि साइज जुळवा. साइज ऑन डिस्क बघू नका, तो डिस्क कशी फॉरमॅट केलीये त्यावर बदलतो, उगाच जीव टांगणीला. मला पाच फाइल्सचा फरक आला, तासभर शोधलं, निघाल्या विंडोजच्या लपलेल्या थम्ब्स आणि डेस्कटॉप नावाच्या फाइल्स. मोजून झालं की दहाबारा गाणी ऐका, नुसती सुरुवात नाही, मधूनही. रागाचा विलंबित एका ट्रॅकवर आणि द्रुत पुढच्या ट्रॅकवर असेल तर तो सांधा मुद्दाम ऐका, मध्ये खंड पडला तर प्लेअरचं गॅपलेस सेटिंग बघा. आणि डब्ल्यूएमए फाइल्स आवर्जून वाजवून बघा. विंडोज मीडिया प्लेअरमध्ये सीडी रिप करताना, म्हणजे तिच्यावरची गाणी लॅपटॉपवर उतरवताना, कॉपी प्रोटेक्टवर टिक राहिली असेल तर ते गाणं जुन्या मशीनशी बांधलेलं असतं, नव्यावर वाजत नाही. सीडी हाताशी असेल तर परत रिप करणं हाच सरळ उपाय.

आता आपल्या मराठी नावांचा त्रास, जो इंग्रजी गाइडमध्ये कोणी सांगत नाही. गाण्याच्या माहितीत नुसती प्रश्नचिन्हं दिसतायत? कोणीतरी कधीतरी देवनागरी मजकूर युनिकोड न वापरता सेव्ह केलाय, ती अक्षरं गेली, त्यातून परत येत नाहीत. पण फाइलचं नाव शाबूत असेल तर एमपीथ्रीटॅग नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये नावावरून टॅग, म्हणजे फाइलच्या आतली गाण्याची माहिती, भरता येतो, एका झटक्यात शेकडो. सेव्ह करताना टॅगचा प्रकार आयडीथ्री २.३ आणि अक्षरांचा यूटीएफ-१६ ठेवा, मला तरी अजून कुठे अडलं नाही. दुसरं, विंडोजमध्ये पूर्ण पत्त्याची लांबी साधारणपणे २६० अक्षरांपर्यंत, आणि ते काना, मात्रा, पाय मोडलेला सगळं वेगवेगळं मोजतं. 'ज्ञानेश्वर' आपल्याला चार अक्षरं, त्याला दहा. बॅकअप, त्यात जुना लॅपटॉप, त्यात डी ड्राइव्ह असे फोल्डरात फोल्डर केलेत की लांब नावांच्या फाइल्स कॉपीच होत नाहीत. तिसरं मॅकवाल्यांसाठी, 'वाऱ्यावर' मधला ऱ दोन तऱ्हेने साठवला जातो, एकतर एकच अक्षर म्हणून नाहीतर र आणि नुक्ता म्हणून. दिसायला सारखा, पण प्लेलिस्टमध्ये एक आणि फाइलच्या नावात दुसरा असेल तर काही प्लेअर म्हणतात फाइल नाही. नेमकी ऱ असलेलीच गाणी गायब असतील तर हेच कारण, फार डोकं लावू नका, ती प्लेलिस्टमध्ये परत टाका.

बाकीचे प्लेअर पटकन. म्युझिकबीचा स्वतःचा फोल्डर म्युझिकमध्ये असतो आणि सेटिंग्ज ॲपडेटा नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये, दोन्ही न्या, तो स्टार्स थेट फाइलच्या टॅगमध्येही लिहू शकतो, ते सेटिंग जुन्या मशीनवरच चालू करा. फूबारचंही ॲपडेटामध्ये, पोर्टेबल म्हणजे इन्स्टॉल न करता चालणारं टाकलं असेल तर अख्खा फोल्डर उचलला की झालं. प्लेलिस्ट कुठल्याही प्लेअरमधून एक्स्पोर्ट करून ठेवा, पण एमथ्रीयू नको, एमथ्रीयू८ घ्या, त्यातला आठ म्हणजे यूटीएफ-८, देवनागरी नावं टिकतात. ती नुसती टेक्स्ट फाइल आहे, पत्ता चुकला तर नोटपॅडमध्ये उघडून रिप्लेस ऑल, विनायकच्या जागी विनय, आणि सेव्ह.

साफसफाई आता करा हवी तर. आमच्याकडे भीमसेन जोशी चार निघाले, नुसते, पंडितवाले, रोमनमधले पीटी टिंबवाले आणि एक देवनागरीतले. प्लेअरच्या लेखी चौघे वेगळे गवई. एमपीथ्रीटॅगमध्ये सगळे निवडून एकदाच नाव लिहिलं. राग आणि ताल बाबांनी कॉमेंटमध्ये लिहिलेत ते मी तसेच ठेवले, ते त्यांनाच सापडतात.

जुना लॅपटॉप लगेच फॉरमॅट करू नका, महिनाभर तरी ठेवा. देऊन टाकण्याआधी आयट्यून्सच्या अकाउंट मेनूतून डीऑथोराइज करा, म्हणजे त्या मशीनची परवानगी काढा, पाचच मशीनची मर्यादा असते. मधली हार्ड डिस्क पुसू नका, तो तुमचा बॅकअप. बाबांनी आमच्या डिस्कवर पांढरी चिकटपट्टी लावून पेनने लिहिलंय "गाणी, हात लावू नये" आणि ती देवघराखालच्या खणात ठेवलीये.