क्योटोमध्ये किमोनो भाड्याने घेऊन फोटो काढायचेत? मग आधी हे वाचा

जपानला जाणाऱ्या आपल्याकडच्या प्रत्येक ग्रुपमध्ये कोणीतरी एक जण असतोच ज्याला किमोनो घालून फोटो काढायचे असतात, आमच्या घरात ती मी होते. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघं गेलो होतो, मी, नवरा, दहावीतली लेक आणि माझी आई, आणि किमोनोच्या दिवशी मी इतक्या बारीकसारीक चुका केल्या की आता मैत्रिणींना फोनवर तेच तेच सांगून कंटाळा आलाय, म्हणून एकदाच लिहून टाकते.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. किमोनो कोणता घ्यायचा हे शेवटी ठरवायचं, आधी ठरवायची ती वेळ आणि रस्ता. सगळे उलटं करतात, आठवडाभर इन्स्टावर रंग बघत बसतात आणि मग मिळेल तो स्लॉट बुक करतात. आम्ही साडेअकराचा घेतला, म्हटलं सुट्टीवर आलोय तर जरा आरामात उठू. निवडायला अर्धा तास, चौघांना नेसवायला तासभर, केस वेगळे, दुकानातून बाहेर पडेपर्यंत दीड वाजलेला. क्योटोत नोव्हेंबरअखेर पावणेपाचला सूर्य मावळतो आणि किमोनो परत करायची वेळ होती पाच! म्हणजे दिवसाचं भाडं भरून हातात तीन तास, त्यात गर्दी भर दुपारची. बहुतेक दुकानं नऊच्या सुमारास उघडतात, तर उघडल्या उघडल्याचा पहिला स्लॉट घ्या. कियोमिझुदेरा हे डोंगराच्या अंगावर लाकडी सज्जा असलेलं मोठं देऊळ सकाळी सहालाच उघडतं आणि तेव्हा तिथे शांतता असते हे खरं, पण तेव्हा अंगावर किमोनो कुठून आणणार? काही दुकानं थोडे जास्त पैसे घेऊन दुसऱ्या दिवशी परत करू देतात, पहाटेचे फोटो हवेच असतील तर ती सोय विचारा, पण मग दुसऱ्या दिवशी पहाटे किमोनो तुमचा तुम्हाला नेसावा लागेल आणि ते काही खरं नाही.

आता रस्ता. हिगाशियामा भागात कियोमिझुदेरापासून सुरू करून साननेनझाका, मग निनेनझाका या दगडी पायऱ्यांच्या जुन्या गल्ल्या, पुढे नेने-नो-मिची, मारुयामा पार्क आणि शेवटी यासाका देवळाचं लाल-केशरी दार, हे सगळं दीड-दोन किलोमीटरमध्ये येतं आणि मुख्य म्हणजे या दिशेने गेलात तर बहुतेक उतार आहे. लोक उलटे जातात, खालून चढत, आणि अर्ध्या चढावर बायकांचे चेहरे बघण्यासारखे होतात. दुकान गिओनच्या बाजूला घ्या, म्हणजे रस्त्याच्या शेवटी, तिथून टॅक्सीने जमेल तेवढं वर जा आणि चालत खाली या. पाय दुखायला लागतात तोपर्यंत दुकान जवळ आलेलं असतं. बसच्या नादी लागू नका, कियोमिझुकडे जाणाऱ्या बसमध्ये गर्दीच्या सीझनला दादर लोकलसारखे उभे राहाल आणि मागची ओबीची गाठ चपटी होईल. ओबी म्हणजे कमरेचा तो रुंद पट्टा, चांगला चार मीटरच्या आसपास लांब असतो, आणि फोटोत निम्मी शोभा त्याचीच.

साननेनझाकावर जपून उतरा. तिथे पडलं तर तीन वर्षांत माणूस मरतो अशी जुनी समजूत आहे, आईला ही गंमत मी सांगायला नको होती, तिने पुढच्या सगळ्या पायऱ्या माझा दंड धरून उतरल्या.

फोटो कुठे काढायचे नाहीत हेही ऐकून ठेवा. गिओनमधल्या हानामिकोजी रस्त्याच्या आजूबाजूच्या खाजगी गल्ल्यांमध्ये २०२४ पासून पर्यटकांना बंदी आहे आणि १०,००० येन दंडाच्या पाट्या लावल्यात, इशिबे-कोजी नावाची गल्ली फार सुंदर आहे पण तिथेही फोटो काढू नका असं लिहिलंय. रस्त्यात खऱ्या गेइको (क्योटोत गेइशांना म्हणतात ते) किंवा माइको (शिकाऊ गेइशा) दिसल्या तर मागे धावून मोबाईल धरू नका, त्या कामावर चाललेल्या असतात. त्यापेक्षा यासाका कोशिन-दो नावाचं छोटंसं देऊळ बघा, तिथे रंगीबेरंगी कापडी गोळ्यांच्या माळा लटकवलेल्या असतात, प्रत्येक गोळा म्हणजे हातपाय बांधलेलं माकड, मनाची चंचलता बांधून ठेवायची अशी त्यामागची कल्पना. जागा लहान आहे, आधी नमस्कार करा, मग फोटो.

खर्चाचं म्हणाल तर साधा प्लॅन माणशी ३,००० ते ६,००० येनमध्ये बसतो. त्यात किमोनो, आतलं वस्त्र, ओबी, मोजे, चप्पल, छोटी पिशवी आणि नेसवून देणं हे सगळं येतं, ती पिशवी म्हणजे चक्क आपला बटवा. केस करून देण्याचे बहुतेक ठिकाणी वेगळे पैसे. जोडप्यांसाठी वेगळे प्लॅन असतात ते थोडे स्वस्त पडतात. चेहरा पांढरा रंगवून माइकोसारखं पूर्ण रूप करून देतात ते वेगळं प्रकरण, दहा हजार येनच्या पुढेच आणि बहुधा स्टुडिओतच फोटो, मला त्यात रस नव्हता. डाग पडला किंवा फाटलं तर काय, हे मात्र बुक करतानाच विचारा, काही ठिकाणी थोडे जास्त येन घेऊन त्याची हमी देतात आणि बरोबर लहान मूल असेल तर ती घ्याच.

भाड्याचे किमोनो बहुतेक पॉलिस्टरचे असतात, रेशमी नसतात, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, पाऊस आला तरी जीव वरखाली होत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये जात असाल तर किमोनोचा हट्ट सोडा आणि युकाता घ्या, सुती, एकेरी, उन्हाळ्यातलं कापड. क्योटोचा उन्हाळा म्हणजे डोंगरांनी वेढलेल्या वाटीतली दमट हवा, मुंबईचा मे आठवेल. हॉटेलात पलंगावर जो युकाता ठेवलेला असतो तो मात्र रात्री झोपायला असतो, तो घालून क्योटोच्या रस्त्यावर फिरू नका. किनोसाकीसारख्या गरम पाण्याच्या कुंडांच्या गावात लोक तसाच घालून या न्हाणीघरातून त्या न्हाणीघरात हिंडतात, तिथे चालतं.

नेसवण्याचा कार्यक्रम हा आपल्याला अजिबात नवा नाही. लग्नात नऊवारी नेसवायला बाई बोलावतो ना, तसंच. हात आडवे पसरून उभं राहायचं आणि त्या मावशी दोऱ्यांवर दोऱ्या बांधत जातात, एक खेच, दुसरी गाठ, मध्येच जपानीत काहीतरी विचारतात ते बहुधा "घट्ट होतंय का" असंच असतं. तेव्हाच बोला! लाजेने मान हलवलीत तर दुपारच्या जेवणापर्यंत श्वास घेता येणार नाही. फरक एवढाच की नऊवारीत अंगाचा बांधा दिसतो आणि किमोनोत तो लपवतात, छाती-कमर एका रेषेत यावी म्हणून कमरेला चक्क टॉवेल गुंडाळतात. लेकीला हसू आवरेना, म्हणे आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला मुद्दाम जाड करतंय.

बायकांचा किमोनो उंचीला जास्त झाला तर कमरेपाशी घडी घालून ओबीखाली दाबतात, त्यामुळे उंचीला बराच वाव असतो. पुरुषांच्या किमोनोत ती घडीच नसते, माप उंचीप्रमाणेच लागतं. हे मला माहीत नव्हतं. नवरा सहा फूट, बुकिंगमध्ये उंची लिहायची राहून गेली, आणि दुकानात जो सगळ्यात लांब होता त्यातून त्याचे घोटे बाहेर, सगळ्या फोटोंत तो पुराच्या पाण्यातून चालत आल्यासारखा दिसतो. उंच किंवा अंगाने भरलेलं कोणी असेल तर उंची आणि कंबरेखालचा घेर सेंटीमीटरमध्ये आधीच कळवा.

घरून निघताना गळ्याशी मोकळा, शक्यतो व्ही गळ्याचा टॉप घाला, बंद गळ्याचा स्वेटर घातलात तर तो कॉलरमधून डोकावतो. थंडीत आत पातळ थर्मल आणि लेगिंग चालतं, कोणाला दिसत नाही. आदल्या दिवशी केसांना तेल लावू नका, अंबाडाही नीट बसत नाही आणि कॉलरही खराब होते, कारण बायकांची कॉलर मागे मानेपासून मुद्दाम लांब ओढलेली असते. मान दिसणं हीच तिथली नजाकत, म्हणून केस वर बांधूनच घ्या. गळ्यात दागिने किमोनोवर शोभत नाहीत, मंगळसूत्र आत सारा, काचेच्या बांगड्या काढा, त्या बाहीत अडकतात. टिकली मी ठेवली, आईने ठसठशीत कुंकू ठेवलं आणि त्या मावशींना ते इतकं आवडलं की त्यांनी खुणेने दोनदा "सुंदर" म्हटलं.

एकच नियम मात्र डोळ्यात तेल घालून पाळा: डावा पदर वर, उजवा आत. उलटं नेसवतात ते फक्त मृत माणसाला. दुकानातल्या मावशी चुकणार नाहीत, पण आपला मोबाईल चुकतो. पुढच्या कॅमेऱ्याने सेल्फी काढला आणि त्यात आरशासारखी उलटी प्रतिमा सेव्ह होत असेल तर फोटोत तुम्ही अंत्यसंस्काराला तयार केल्यासारखे दिसता, आणि जपानी ओळखीच्यांना फोटो पाठवलात तर ते सभ्यपणे काही बोलणार नाहीत. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ते आधीच बंद करा. समोरून बघताना कॉलरचा आकार इंग्रजी लहान वायसारखा दिसला म्हणजे बरोबर.

रंग निवडताना मागे काय असणार हे आठवा. यासाका देऊळ किंवा फुशिमी इनारीच्या शेंदरी कमानी असतील तर लाल किमोनो त्यात विरघळून जातो, तिथे पांढरा, निळा, मोरपंखी घ्या. अराशियामाच्या बांबूंमध्ये लाल उठून दिसतो. पण एका दिवसात इनारी, अराशियामा आणि हिगाशियामा तिन्ही करू म्हणाल तर हात जोडते, एकच भाग धरा. लांब बाह्यांचा भारीतला फुरिसोदे हा रीतीने लग्न न झालेल्या मुलींचा, तो लेकीला द्या. फुलांच्या नक्षीत जपानी माणूस ऋतूच्या थोडा पुढे असतो, चेरीची फुलं बहर येण्याआधी अंगावर येतात. सगळ्या ऋतूंची फुलं एकत्र असलेला किमोनो कधीही चालतो, घोळ नको असेल तर तो उचला.

चपलेबद्दल एक सांगते. झोरी लहान वाटली तरी बदलायची घाई करू नका, टाच मागे थोडी बाहेर यायलाच हवी, तशीच पद्धत आहे. अंगठ्याजवळ मात्र पट्टा कचकचीत चावतो, बटव्यात बँडेज ठेवा. पावलं छोटी टाका, पायऱ्या चढताना समोरचा काठ उजव्या हाताने जरासा उचला, गाडीत बसताना आधी बैठक आत आणि मग दोन्ही पाय एकदम. खुर्चीला टेकू नका. काही घ्यायला हात पुढे केला की दुसऱ्या हाताने बाही धरा, नाहीतर ती सोया सॉसमध्ये बुडते, आमच्याकडे एक बाही बुडाली, कोणाची ते विचारू नका. शाकाहारी लोकांनी जेवण आधी उरकलेलं बरं, किमोनोत उपाशीपोटी शाकाहारी हॉटेल शोधत भटकणं वाईट. बाथरूमला जाऊनच नेसायला उभे राहा, नंतर जायची वेळ आलीच तर बाह्या ओबीत खोचायच्या आणि एकेक थर वेगळा उचलून धरायचा, घाईत सगळं एकदम उचललं की सगळं सुटतं. टॉयलेट कमोडचंच शोधा.

फोटोंमध्ये समोरून हसून दोन काढा आणि मग पाठमोरे काढा, खरे फोटो तेच येतात. मान, अंबाडा, ओबीची गाठ, मागे पाच मजली यासाका पॅगोडा. पाठमोरं उभं राहून मान किंचित वळवा. मोबाईल कमरेच्या उंचीवर धरा आणि वाइड लेन्स लावू नका, बुटके दिसतो. हात लोंबते सोडले तर बाह्या मेल्यासारख्या लटकतात, दोन्ही हात पुढे बटव्यावर ठेवा. ट्रायपॉड बऱ्याच देवळांत चालत नाही. पाऊस आला तर खुशाल भिजलेल्या दगडांवर कॉन्बिनीतली, म्हणजे तिथल्या कोपऱ्याकोपऱ्यावरच्या छोट्या दुकानातली, पारदर्शक छत्री घेऊन उभे राहा, आमचे सगळ्यात चांगले चार फोटो त्या वीस मिनिटांच्या सरीतले आहेत. सॅक दुकानातच ठेवा, ती फोटोही बिघडवते आणि ओबीही.

क्योटो प्लॅनमध्येच नसेल तर टोकियोत आसाकुसाला हेच सगळं मिळतं, कामिनारिमोनचा तो लाल कंदील मागे घेऊन. गर्दीचा तिटकारा असेल आणि कानाझावाला जाणार असाल तर तिथल्या हिगाशी चाया भागात जुनी लाकडी घरं आहेत.

परत करताना उशीर झाला तर दंड लागतो, वीस मिनिटं आधीच पोचा, दोऱ्या सुटल्यावर जो श्वास मिळतो त्यासाठी तरी. धुवायची, घडी घालायची भानगड तुमची नाही. आणि एवढं करून किमोनोचा मोह सुटलाच नाही तर महिन्याच्या २१ तारखेला तोजी देवळात आणि २५ तारखेला कितानो तेनमांगू या देवळात बाजार भरतो, तिथे जुन्या किमोनोंचे ढीग असतात आणि ढिगातले खूप स्वस्तात मिळतात. आम्ही २५ तारखेलाच क्योटोत होतो. आईने तिथून एक जुनी ओबी घेतली, जरीकडे बघत म्हणाली, "अगं, हे पैठणीच्या पदरासारखं आहे," आणि आता ती आमच्या टीपॉयवर पसरलेली आहे.